जालना जिल्ह्यातील इंग्रजी : परकी भाषा ते जागतिक भाषा – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इंग्रजी ही आज जागतिक भाषा आहे, हे विधान आता वादाचा विषय राहिलेले नाही. जी राष्ट्रे कधीही इंग्रजांच्या अमलाखाली नव्हती, तेथेही उच्च शिक्षण, विज्ञान, व्यापार व संगणक या क्षेत्रांत इंग्रजीचा वापर वाढत गेला आहे. भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८५ च्या सुमारास इंग्रजीच्या या प्रसाराची तीन वर्तुळांत मांडणी केली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे त्या देशांचे अंतर्वर्तुळ, वसाहतवादी राजवटीमुळे जेथे ती राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा झाली त्या देशांचे बाह्य वर्तुळ आणि केवळ परकी भाषा म्हणून जेथे ती शिकली जाते त्या देशांचे विस्तारणारे वर्तुळ. या मांडणीत भारत बाह्य वर्तुळात येतो.

तथापि, संपूर्ण भारताला ही मांडणी सारखीच लागू पडते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आजचा जालना जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानचा भाग होता. येथे इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा नव्हती, न्यायालयाची नव्हती आणि सर्वसामान्य शाळेतील शिक्षणाचे माध्यमही नव्हती. त्यामुळे पुणे, मुंबई किंवा वऱ्हाडातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास जालन्यास जसाच्या तसा लावता येत नाही. प्रस्तुत निबंधात जालना परिसरातील इंग्रजीच्या वाटचालीचा आढावा घेऊन या इतिहासातून आजच्या भाषाविषयक धोरणास कोणता बोध घेता येईल, याचा विचार केला आहे.

असई, छावणी आणि रेल्वे

जालना परिसराचा इंग्रजांशी पहिला मोठा संबंध रणांगणावर आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई येथे आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून कीर्ती मिळविलेल्या या सेनापतीमुळे असई हे गाव इंग्लंडच्या लष्करी इतिहासात कायमचे नोंदले गेले. मात्र या विजयानंतर हा प्रदेश कंपनीच्या थेट अमलाखाली न राहता निजामाच्या राज्यात राहिला. याच ठिकाणी जालन्याची वाट मुंबई इलाख्यापासून वेगळी झाली.

एकोणिसाव्या शतकात जालना येथे लष्करी छावणी होती. छावणीत इंग्रज अधिकारी होते व त्यांचे आपसांतील व्यवहार इंग्रजीत चालत. परंतु छावणीची हद्द ओलांडली की ही भाषा संपत असे. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट हे दल ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले आणि अशा छावण्यांचे महत्त्व ओसरले. त्याच सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला. ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘गार्ड’, ‘सिग्नल’ हे शब्द शाळेत इंग्रजी न शिकलेल्या लोकांच्या तोंडी बसले ते अशा साधनांमुळे. कापसाच्या व्यापारासोबत ‘जिनिंग’ व ‘प्रेसिंग’ हे शब्दही रूढ झाले. ‘जालना सोने का पालना’ या प्रसिद्ध उक्तीतील समृद्धीला या व्यापाराचा आधार होता. थोडक्यात, जालन्याच्या सर्वसामान्य माणसाकडे इंग्रजी प्रथम शब्दांच्या रूपाने आली. वाक्यांच्या रूपाने ती पुष्कळ उशिरा आली.

मिशनचे कार्य आणि दोन भाषांची वाटणी

या कालखंडातील एक लक्षणीय व्यक्तिमत्त्व म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे होय. त्यांचे इंग्रजी शिक्षण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या संस्थेत झाले व १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी राहिली. आसपासच्या गावांतील मांग व महार समाजातील कुटुंबे मोठ्या प्रमाणात या कार्याशी जोडली गेली.

शेषाद्रींचे इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व होते. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाषण केले होते आणि स्कॉटलंडमध्येही त्यांची व्याख्याने झाली. १८९१ मध्ये परदेशातून परतताना सागरी प्रवासातच त्यांचे निधन झाले. धर्मप्रसाराच्या प्रश्नाविषयी मतभेद असू शकतात. पण भाषेच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट ध्यानात येते. जालन्याच्या खेड्यांतील त्यांचे काम मराठीतून चाले आणि त्या कामाची माहिती जगाला देण्यासाठी, त्यास साहाय्य मिळविण्यासाठी ते इंग्रजी वापरीत. गावासाठी मराठी व बाह्य जगासाठी इंग्रजी ही वाटणी येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते. तसेच शिक्षणाचा परंपरागत अधिकार ज्यांना नाकारला गेला होता, त्यांच्यापर्यंत अक्षरओळख या मार्गाने पोचू लागली, हेही नोंदविले पाहिजे.

उस्मानिया विद्यापीठ : माध्यम उर्दू, विषय इंग्रजी

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. जालन्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा नव्हता. एका परकी लिपीतील दुसरी भाषा आली, एवढेच. त्याच वेळी जालन्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा भागात स्थिती निराळी होती. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता आणि तेथे कचेरीत मराठी व वरिष्ठ पातळीवर इंग्रजी चालत असे. जाफराबादचा शेतकरी काही कोसांवरील देऊळगावराजास गेला, तर त्याला आपल्याच भाषेतील सरकारी कागद पाहावयास मिळत; स्वतःच्या तालुक्यात मात्र ते वाचून घेण्यासाठी उर्दू जाणणाऱ्याकडे जावे लागे.

१९१७ च्या फर्मानानुसार १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक विद्यापीठीय शिक्षणाचे माध्यम भारतीय भाषा करणारा हा देशातील पहिला मोठा प्रयोग होता. अकबर हैदरी यांच्या प्रस्तावातून त्याची कल्पना साकार झाली. ग्रंथनिर्मितीसाठी ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग स्थापन झाला. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्याच्याशी निगडित होते. इतिहास, विज्ञान, कायदा, वैद्यक इत्यादी विषयांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यात आली व परिभाषा घडविण्यात आली. संस्थानचे शिक्षण संचालक सर रॉस मसूद यांनी १९२२ मध्ये जपानला जाऊन तेथील शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला व त्यावर ग्रंथ लिहिला. परकी ज्ञान स्वभाषेत आणून राष्ट्र उभे करणाऱ्या जपानचा आदर्श या प्रयोगामागे होता, हे यावरून स्पष्ट होते.

विशेष म्हणजे उस्मानियात इंग्रजी वर्ज्य नव्हती. ती अनिवार्य विषय म्हणून शिकविली जात असे. ज्ञान भारतीय भाषेतून मिळवावे आणि जगाशी संबंध ठेवण्यासाठी इंग्रजी उत्तम प्रकारे शिकावी, हे त्यामागील तत्त्व होते. शैक्षणिक दृष्ट्या हे तत्त्व आजही निर्दोष वाटते. दुसरीकडे, १८८७ मध्ये सुरू झालेले हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते व तेथील माध्यम इंग्रजी होते. म्हणजे उच्चभ्रू वर्गासाठी इंग्रजी माध्यमाची एक वेगळी वाट संस्थानाने मोकळी ठेवली होती.

उस्मानियाच्या प्रयोगातील खरी उणीव भाषेच्या निवडीत होती. संस्थानच्या लोकसंख्येत तेलुगू भाषक जवळजवळ निम्मे, मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू भाषक सुमारे एक दशांश होते. अंबडच्या किंवा भोकरदनच्या मराठी मुलासाठी उर्दू ही ‘भारतीय’ भाषा असली तरी ‘स्वभाषा’ नव्हती. त्याला उर्दू शिकून मग विषय शिकावा लागे आणि त्याशिवाय इंग्रजीही शिकावी लागे. घरच्या भाषेला मात्र वरच्या वर्गांत माध्यम म्हणून स्थान नव्हते. ज्या तत्त्वासाठी विद्यापीठ उभे राहिले, त्याच तत्त्वाचा लाभ संस्थानच्या बहुसंख्य प्रजेला नाकारला गेला.

मराठीचा आग्रह

या परिस्थितीस उत्तर म्हणून मराठवाड्यात खाजगी व राष्ट्रीय शाळांची चळवळ उभी राहिली. औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी ही त्यातील प्रमुख नावे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाची जडणघडण याच शिक्षणकार्यातून झाली. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आज जालना जिल्ह्यात असलेले परतूर अशा रीतीने मराठी भाषकांच्या राजकीय जागृतीचे एक आरंभस्थान ठरले. १९३८ मध्ये वंदे मातरम् आंदोलनामुळे उस्मानियातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी नागपूरची वाट धरली. संस्थान सोडून बाहेर शिकण्यास जाणे म्हणजे उर्दू माध्यमातून इंग्रजी माध्यमात जाणे होय. त्यामुळे हैदराबादच्या सीमेबाहेर इंग्रजीकडे राज्यकर्त्यांची भाषा म्हणून पाहिले जात असताना मराठवाड्यातील तरुणाला तीच भाषा संस्थानाबाहेर नेणारी वाट वाटली. हा भेद जालन्याच्या भाषिक इतिहासाचे वैशिष्ट्य मानावा लागेल.

मुक्तीनंतरचा कालखंड

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर शालेय शिक्षणात मातृभाषेला स्थान मिळाले. परंतु उस्मानिया विद्यापीठात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. तीस वर्षे खपून केलेली भाषांतरे व परिभाषा अल्पावधीत निरुपयोगी ठरली. उर्दूच्या जागी मराठी, तेलुगू व कन्नड यांचे तसेच प्रयोग करण्याचा मार्ग तेव्हा उपलब्ध होता. तो स्वीकारला गेला नाही. उर्दूची निवड चुकली होती. परंतु भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याची कल्पनाच चुकीची होती असा समज रुजला, आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील दलित व ग्रामीण विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाची दारे त्यामुळे उघडली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले व १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा झाली. जालना परिसरातील महाविद्यालयीन शिक्षणाचा विस्तार याच काळातला आहे. कला शाखेत मराठी माध्यम रुळले. विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी या शाखा मात्र इंग्रजीकडेच राहिल्या. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा ही विभागणी पक्की झालेली होती.

या विभागणीचा परिणाम दूरगामी आहे. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी दहावीपर्यंत ‘गुरुत्वाकर्षण’ व ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकतो. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेताच तेच विषय त्याला वेगळ्या नावांनी, वेगळ्या भाषेत भेटतात. विषय कळूनही उत्तर लिहिता न येणे ही त्याची अडचण असते. ती बुद्धीची उणीव समजली जाते आणि पुष्कळदा तो स्वतःही तसेच समजू लागतो. एकेकाळी उर्दू माध्यमामुळे त्याच्या आजोबांपुढे जो प्रश्न होता, तोच प्रश्न इंग्रजी माध्यमामुळे नातवापुढे उभा राहतो.

पहिलीपासून इंग्रजी आणि त्यानंतर

२००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. शहरातील मुलांना मिळणारी इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांनाही मिळावी, हा त्यामागील समतेचा विचार होता. त्यानंतर मराठी शाळांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकविण्याची सेमी इंग्रजी पद्धती लोकप्रिय झाली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयीच्या अधिनियमानंतर तालुक्याच्या गावांतही इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढणे सुकर झाले. पिवळ्या बसमधून शेजारच्या गावी शिकण्यास जाणारी मुले हे आता जालन्याच्या ग्रामीण भागातील नित्याचे दृश्य आहे.

अन्य देशांचा अनुभव येथे उपयुक्त ठरतो. मलेशियाने २००३ मध्ये गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्यास प्रारंभ केला. पण ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांमधील वाढती दरी लक्षात घेऊन २००९ मध्ये हे धोरण मागे घेण्याचे ठरविले. रवांडाने २००८ मध्ये फ्रेंचऐवजी इंग्रजी माध्यम स्वीकारले, तेव्हा शिक्षकांनाच ती भाषा नव्याने शिकावी लागली. याउलट नेदरलँड्स व स्कँडिनेव्हियातील देशांत शालेय शिक्षण मुख्यतः स्वभाषेतून होते, आणि तरीही तेथील नागरिकांचे इंग्रजी उत्तम असते. भाषा चांगली येण्यासाठी ती माध्यमच असली पाहिजे असे नाही. ती चांगली शिकविली गेली पाहिजे, हे यातून दिसते. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषा माध्यम असावे, असे सुचविले आहे.

शेत, कचेरी व न्यायालय

इंग्रजीचा प्रश्न शाळेपुरता मर्यादित नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालना हे देशातील बियाणे उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र झाले. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस भारतात परवानगी मिळाली आणि ‘बीटी’ ही इंग्रजी आद्याक्षरे गावोगावी रूढ झाली. बियाण्यांचे संशोधन, करार व पेटंट यांची भाषा इंग्रजी. शेतकऱ्याची भाषा मराठी. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा रंगीत त्रिकोण असतो, तो अक्षरे न वाचू शकणाऱ्यासाठी. तो शेतकऱ्याला धोका सांगतो. पाण्यात औषध किती मिसळावे, हे सांगण्यास त्याला दुकानदारच लागतो.

न्यायालयातही हीच स्थिती आहे. १९९८ पासून महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी करण्यात आली. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. जालन्याच्या पक्षकाराचा दावा तालुक्यापासून औरंगाबाद खंडपीठापर्यंत पोचतो, तेव्हा वाटेत त्याची भाषा बदलते. निकाल त्याच्याच जमिनीविषयी असतो, परंतु तो समजण्यासाठी त्याला वकिलावर विसंबावे लागते.

भूतकाळातील भाषांतरांचे ओझे किती मोठे आहे, याचे अलीकडील उदाहरण जालना जिल्ह्यातलेच आहे. अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटी येथील २०२३ च्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती (निवृत्त) संदीप शिंदे समिती नेमली गेली व मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू व मोडी लिपीतील दप्तरे वाचणाऱ्या जाणकारांची गरज त्या वेळी प्रकर्षाने भासली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यात आला. आरक्षणाविषयीची मते बाजूला ठेवली, तरी एक सत्य उरते. येथील माणसाची स्वतःविषयीची नोंदच त्याला न वाचता येणाऱ्या भाषांत व लिप्यांत जतन झाली आहे. आज इंग्रजीत होणाऱ्या नोंदींबाबत पुढील पिढ्यांना असाच अनुभव येऊ नये, यासाठी आताच विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) जालना जिल्हा कचरू यांच्या मांडणीतील बाह्य वर्तुळात सहजपणे बसत नाही. १९४८ पर्यंत येथील इंग्रजीचे स्थान एखाद्या स्वतंत्र आशियाई देशातील परकी भाषेसारखे होते. शिक्षणाचे माध्यम म्हणून ती उच्च शिक्षणात मुक्तीनंतरच स्थिरावली.

२) फारसी, उर्दू व इंग्रजी या क्रमाने वरिष्ठ व्यवहाराची भाषा बदलत गेली, परंतु घरची भाषा व ज्ञानाची भाषा यांतील अंतर प्रत्येक वेळी कायम राहिले. त्याचा भार सर्वाधिक सोसला तो पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याने.

३) उस्मानियाचा प्रयोग उर्दूच्या निवडीमुळे अन्यायकारक ठरला. त्यातील ‘माध्यम भारतीय, विषय म्हणून उत्तम इंग्रजी’ हे तत्त्व मात्र आजही ग्राह्य आहे. मराठीतून ते राबविण्याची संधी अद्याप गेलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा अशा कामास उपयोगी पडावयास हवा.

४) इंग्रजी नाकारणे हा उपाय नव्हे. मराठवाड्यातील तरुणांनी, विशेषतः वंचित समाजातील विद्यार्थ्यांनी, तिच्यात मुक्तीची वाट पाहिली आणि तो अनुभव खरा आहे. ती वाट सर्वांना खुली व्हावयाची असेल, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाची तयारी हा धोरणाचा पहिला प्रश्न ठरतो.

५) ग्रामीण महाविद्यालयांचे दायित्व यात मोठे आहे. अकरावी व पदवीच्या पहिल्या वर्षी द्विभाषिक अध्यापन, मराठी व इंग्रजी परिभाषांची सांगड घालणाऱ्या पुस्तिका आणि उत्तरे लिहिण्याचा सराव या गोष्टी महाविद्यालयाच्या पातळीवर, फार खर्च न करता, सुरू करता येतात. विषय समजलेला विद्यार्थी केवळ भाषेपायी मागे पडणार नाही याची काळजी घेणे, हे अध्यापकाच्या हाती असलेले काम आहे.

असईच्या रणांगणापासून आजच्या संगणक कक्षापर्यंत जालन्याने इंग्रजीची अनेक रूपे पाहिली. जागतिक भाषा म्हणून तिचा स्वीकार आता झालेला आहे. तो स्वीकार करताना येथील विद्यार्थ्याला आपल्या भाषेत विचार करण्याचा अधिकार गमवावा लागू नये, एवढी दक्षता घेतली गेली, तर दोनशे वर्षांच्या या भाषिक इतिहासातून जिल्ह्याने योग्य तो धडा घेतला असे म्हणता येईल.